जुन्या विमान-इंजिनाचे मोल



सेसना १७२ सारख्या छोट्या विमानांत बसणारी लायकमिंग इंजिने
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, विल्यम्सपोर्ट येथे तयार होतात,
आणि वापरलेल्या इंजिनांची खरेदी-विक्रीही होत असते.

अशा इंजिनाचा भाव ठरवताना प्रथम पाहिले जातात ते तास,
म्हणजे ओव्हरहॉलनंतर, अर्थात पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीनंतर, ते किती चालले.
अनेक प्रारूपांसाठी पुढच्या ओव्हरहॉलपर्यंतची मर्यादा २००० तासांच्या आसपास असते;
त्यामुळे निम्मे तास उरले, तर किंमतही निम्मी, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब सोयीचा आहे, पण अपुरा आहे.

कारण उत्पादक तासांबरोबर १२ वर्षांचीही मुदत सांगतो;
शिवाय या इंजिनांपैकी बहुतेकांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूस असल्याने,
विमान महिनोन्महिने उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते
आणि गंज चढू लागतो.
म्हणून कमी तासांचे, पण वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले इंजिन
नियमित उडणाऱ्या इंजिनापेक्षा वाईट निघू शकते,
आणि ही गोष्ट विक्रेत्याने आपणहून सांगावी, अशी अपेक्षा भाबडीच ठरते.

श्रोतेहो, पुन्हा तेच: केवळ तास पुरेसे नाहीत.

लॉगबुक, म्हणजे देखभालीची नोंदवही, अखंड हवी,
आणि सिलिंडर किती दाब धरतात, हेही तपासलेले हवे.
फिरता प्रोपेलर जमिनीवर आदळल्याची नोंद असेल
आणि त्यानंतर इंजिन खोलून तपासल्याचा पुरावा नसेल,
तर त्याला द्यायचा भाव चालू इंजिनाचा नव्हे,
दुरुस्तीयोग्य सांगाड्याचा.