धावपट्टीच्या टोकावरचा रस्ता

(मुनिरका, दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुनिरक्यात भाषण करायचे म्हणजे मध्ये मध्ये थांबावे लागते. पालमला उतरणारे विमान डोक्यावर आले की वक्त्याचे वाक्य अर्धे राहते. आम्हा रेल्वेवाल्यांना याची सवय आहे, आमच्या सभा यार्डाच्या कडेलाच होतात. पण आज मी विषयच विमानाचा घेतला आहे. आत येताना एका जोडीदाराने विचारले, "सेक्रेटरी, आपला आणि विमानाचा संबंध काय?"

टपालवाल्यांना तो सांगायला नको. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली टपालाची विमाने रात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परत जात. आरएमएसचेच काम, फक्त रुळाऐवजी हवेतून. रेल्वेवाल्यांचा संबंध वेगळा आहे. मोठ्या अपघातानंतर ज्यांच्यासमोर आपण जबानी देतो ते रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. १९४१ साली हे तपासणीचे काम रेल्वे बोर्डाकडून काढून त्या वेळच्या टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. गाड्या चालवणाऱ्यानेच गाड्यांच्या अपघाताचा न्याय करू नये, हा त्यातला हेतू. म्हणजे रेल्वे, टपाल आणि विमान ही तीन भावंडे कधीकाळी एका घरात आली होती.

१९९३ साली चार महिन्यांच्या आत आपल्या देशात धावपट्टीचे दोन अपघात झाले. दोन्ही विमाने इंडियन एअरलाइन्सच्या सेवेतली.

पहिला अपघात इथून जवळच, पालमला, ९ जानेवारीला झाला. वैमानिकांचा संप चालू होता आणि सेवा चालू ठेवण्यासाठी उझबेकिस्तानकडून तुपोलेव्ह १५४ जातीचे विमान भाड्याने आणले होते. हैदराबादहून आलेले हे विमान, नीट दिसत नसताना, धावपट्टी सोडून कडेला टेकले, तिथल्या पक्क्या उभारणीला धडकले, उलटे झाले आणि पेटले. आत १६५ माणसे होती. एकही दगावला नाही. संप बरोबर की चूक, हे मी इथे काढत नाही. वैमानिकांच्या पगाराचा आकडा ऐकला तर तुमच्यातले अर्धे लोक टाळ्या वाजवायचे थांबतील. पण आपल्याकडे रोड लर्निंग झाल्याशिवाय ड्रायव्हरला नव्या सेक्शनवर गाडी देत नाहीत. संपाच्या काळात बाहेरून माणसे आणि यंत्रे आणली जातात तेव्हा हा प्रश्न मोठ्याने विचारला पाहिजे, मग तो संप कोणाचाही असो.

दुसरा अपघात आपल्या महाराष्ट्रातला. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. फ्लाइट क्रमांक ४९१, बोईंग ७३७. हे विमान त्या दिवशी याच दिल्लीहून निघाले होते. जयपूर आणि उदयपूर करून औरंगाबादला आले, पुढे मुंबईला जायचे होते. आत ११२ उतारू आणि ६ कर्मचारी. दुपारी एकची वेळ, एप्रिलचे ऊन आणि विमान जवळजवळ पूर्ण भाराचे. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून धावपट्टी जास्त लागते. घाटात भरलेली मालगाडी चढवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

विमान ठरावीक वेगाला पोचले की वैमानिक नाक वर घेतो. पुढचे चाक सुटते, मग पंखांखालची मोठी चाके सुटतात. इथे नाक उशिरा उचलले गेले आणि उचलण्याची पद्धतही चुकली. धावपट्टी संपता संपता विमान जमिनीवरून सुटले. धावपट्टीच्या टोकापासून अंदाजे ४१० फुटांवरून बीड रस्ता जात होता. त्या वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डाव्या बाजूचे लँडिंग गिअर आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला, रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर. सात फूट म्हणजे आपल्या दारावर दोन विटा ठेवाव्यात एवढे. तशा अवस्थेत विमान सुमारे तीन किलोमीटर गेले, उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकले आणि खाली पडले. ११८ पैकी ५५ माणसे गेली, ६३ वाचली.

मी आज बोलायला उभा राहिलो तो यानंतर जे झाले त्यासाठी. चौकशीत कारणे दोन निघाली. पहिले, वैमानिकांची चूक. दुसरे, विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही. दोन्ही कारणे एकाच निष्कर्षात, एकाखाली एक आहेत. पण लोकांना विचारा, पहिलेच आठवते. वैमानिकाला चेहरा असतो, नाव असते, त्याचा फोटो छापता येतो. रस्त्यावर माणूस नेमायचा राहिला, त्याचा फोटो कसा छापणार?

वैमानिक चुकला नाही असे मी म्हणत नाही, तो चुकलाच. पण रस्ता मोकळा असता तर? १२ ऑक्टोबर २०१८ ला त्रिची विमानतळावर एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईला जाणारे बोईंग असेच उशिरा उचलले गेले. त्याची चाके अँटेनाला आणि कुंपणाच्या भिंतीला लागली. आत १३६ माणसे होती. ते विमान पुढे मुंबईला सुखरूप उतरले. तिथेही धावपट्टीच्या टोकाशी चूक झाली, पण समोर भरलेला ट्रक नव्हता.

धावपट्टीजवळ रस्ता असणे हाच गुन्हा आहे असेही नाही. जिब्राल्टरला तर हमरस्ता धावपट्टीवरूनच जात असे. विमानाच्या वेळी आपल्यासारखेच फाटक पडायचे, २०२३ साली बोगदा झाला तेव्हा मोटारी तिकडे वळल्या. न्यूझीलंडमध्ये गिस्बोर्न इथे रेल्वेचा रूळ धावपट्टी ओलांडतो, त्यावरून जायचे तर गाडीला नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. ही सगळी आपली विद्या आहे. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गेट सिग्नल पडत नाही, यालाच आपण इंटरलॉकिंग म्हणतो. गेटमन विसरला तर सिग्नल लालच राहतो, गाडी थांबते, माणूस वाचतो. चूक होणारच असे धरून केलेली ती व्यवस्था आहे. बीड रस्त्यावर अशी व्यवस्था नव्हती.

आता आपल्या घरात बघा. ब्रॉडगेजवरची बिनागेटमनची फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपवली, चांगले झाले. पण गेटमन असलेली आणि इंटरलॉकिंग नसलेली फाटके राहिली. ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कडलूरजवळ अशाच फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवले. तीन विद्यार्थी गेले. गेटमनला अटक झाली. त्याच आठवड्यात रेल्वेने हुकूम काढला की इंटरलॉकिंगसाठी वाहतुकीची मर्यादा २० हजार टीव्हीयूवरून १० हजारांवर आणावी. हुकुमाचे मी स्वागत करतो. पण १० हजाराला इंटरलॉकिंग लागते हे जर खरे, तर ते ७ जुलैलाही खरे होते. हे दुसरे कारण झाले. ते कोणाच्या आरोपपत्रात लिहिणार?

म्हणून शाखांना माझे सांगणे आहे. फाटकावर टीव्हीयूची मोजणी होते तेव्हा आपला माणूस तिथे हजर ठेवा. गाड्यांची संख्या गुणिले वाहनांची संख्या, हिशोब सोपा आहे, मॅट्रिक झालेल्याला येतो, मला येतो. बैलगाडी, रिक्षा मोजल्या की नाहीत ते बघा. मोजणी सणाच्या सुट्टीत उरकली असेल तर लेखी हरकत घ्या. जिथे गेटमनला अजून बारा तासांचा रोस्टर आहे तिथे गाड्या किती वाढल्या ते दाखवून आठ तासांची मागणी घाला. आणि चौकशीत जबानी देताना, तुम्हाला विचारले नाही तरी, त्या दिवशी कोणते पद रिकामे होते, कोणते यंत्र कधीपासून बंद होते आणि तुम्ही कोणत्या तारखेला कळवले होते, एवढे सांगून ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. पत्राची नक्कल शाखेत ठेवा. स्पीड पोस्टाने पाठवली असेल तर पावती जपून ठेवा, ती देणारे आपले बांधव इथेच बसले आहेत.

टीव्हीयू मोजणीचा कोरा तक्ता मी बरोबर आणला आहे. चहा होईपर्यंत तो फिरवतो. ज्यांच्या सेक्शनमध्ये इंटरलॉकिंग नसलेले फाटक आहे त्यांनी फाटकाचा क्रमांक आणि किलोमीटर त्यात लिहून द्यावा.