सही करण्याआधी : विजयालक्ष्मी पंडित यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, वडगावला येऊन जा. हक्कसोडपत्रावर सही हवीय. फॉर्मॅलिटी आहे फक्त." बाबा गेल्यावर कामशेतजवळच्या आमच्या भातखाचरांच्या सातबाऱ्यावर आई, तो आणि मी, अशी तिघांची नावं लागलीत. मावळात हे घरोघरी चाललंय. एक्सप्रेसवे आला, बंगले आले, जमिनीला भाव आला आणि बहिणींना सहीची बोलावणी येऊ लागली. मी बीटेक केलंय, रोज कोड लिहिते. पण भावाला 'नाही' कसं म्हणायचं, ते सुचेना.

त्याच आठवड्यात लोणावळा लोकलमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्याबद्दल वाचत होते. आणि वाचता वाचता थांबलेच.

माहेरच्या त्या स्वरूप नेहरू. १९२१ साली रणजित पंडित यांच्याशी लग्न झालं. ते राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले बॅरिस्टर. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे लग्नात नाव बदललं आणि त्या विजयालक्ष्मी झाल्या. १९४४ च्या जानेवारीत रणजित गेले. पदरात तीन मुली, मुलगा नाही. तेव्हाच्या हिंदू वारसा कायद्यात अशा विधवेची बाजू फार लंगडी होती. सासरच्या मालमत्तेवरून वाद झाला आणि बाईंच्या हाती फारसं काही लागलं नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी त्या अमेरिकेला गेल्या. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. ब्रिटिश सरकारने पाठवलेलं शिष्टमंडळ भारताचं नाही, हे त्यांनी तिथे बाहेर राहून ठणकावून सांगितलं. पुढच्याच वर्षी त्या भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा प्रश्न त्यांनी मांडला. समोर पंतप्रधान स्मट्स, मुरलेला माणूस. ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन तृतीयांश बहुमताने मंजूर झाला.

आणि मग त्या काय करतात? स्मट्स यांच्याकडे जाऊन म्हणतात, माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा. गांधीजींची तशी शिकवण होती. ठरावातला एक शब्दही मागे घेतला नाही हं!

पुढे मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९६२ ते ६४ आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल. भाऊ पंतप्रधान होता, त्याचं वजन होतंच. ते कशाला लपवायचं? पण त्या सभागृहातली ३२ मतं भावाच्या नावावर पडत नाहीत.

त्यांना जो कायदा मिळाला नाही, तो मला मिळालाय. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क : महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. मग तो मी 'फॉर्मॅलिटी' म्हणून का सोडू?

भावाला फोन केला. म्हटलं, "सही नाही करणार रे. विकायचं असेल तर तिघं बसून ठरवू." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊबीजेला येणार आहेस ना?"

येणार म्हणजे काय, ओवाळायला मीच येणार!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि सही करण्याआधी कागद वाचा.