बुटकी ज्वारी आणि कडब्याचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बुटक्या ज्वारीच्या शेतात मधेच एखादं ताट हातभर उंच निघतं. आपण लगेच म्हणतो, बियाण्यात भेसळ. पुष्कळदा असतेही. पण दरवेळी नाही.

झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन हे संजीवक तयार होतं. ते पेशीपेशीतून खाली उतरतं, तेव्हा कांड्या लांबतात. ज्वारीची उंची ठरवणारी चार जनुकं अमेरिकेत १९५४ साली वेगळी ओळखली गेली. त्यातल्या तिसऱ्याचं कोडं २००३ मध्ये सुटलं. ऑक्झिन पुढे सोडणारं पेशीचं दारंच त्यात बिघडलेलं. पाटाला पाणी आहे, पण दारं फुटत नाही; म्हणून खालच्या कांड्या आखूड.

बिघाड केवढा? जनुकातला ८८२ अक्षरांचा तुकडा लागोपाठ दोनदा लिहिला गेला, एवढाच. पुढच्या एखाद्या पिढीत जादा तुकडा गळून पडतो आणि ताट पुन्हा उंच होतं. अशा ताटाचं कणीस, दाणा, पान शेजारच्यासारखंच असतं, फक्त खालच्या कांड्या लांब. भेसळीचं ताट सहसा कणसावरूनही ओळखू येतं. तक्रार लिहिण्याआधी एवढं पाहून घ्या, म्हणजे समोरच्याला पळवाट राहत नाही.

गव्हाचं निराळं. जपानच्या नोरीन-१० पासून आलेल्या बुटक्या गव्हात जिबरेलिन हे संजीवक भरपूर असतं, पण झाड त्याला बहिरं. त्याचा कोंबही आखूड, म्हणून खोल ओलीवर पेरला तर वर यायला अडतो. कोरडवाहूवाल्याला हे कोणी सांगितलं? भाताच्या आयआर-८ मध्ये जिबरेलिन बनतंच कमी. कपाशी माजली की आपण मेपिक्वाट क्लोराइड फवारतो, तेही जिबरेलिनच अडवतं. फक्त दरवर्षी पैसे मोजून.

आता आमचा सवाल. ही ज्वारी बुटकी केली कुणाच्या सोयीसाठी? अमेरिकेत उभ्या पिकात कंबाइन यंत्र घालायचं होतं. आपल्याकडे १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ ची आई कंबाइन काफिर-६०. नावातच यंत्र! दाणा वाढला, ते आम्ही नाकारत नाही. पण बैल दाण्यावर जगत नाही. मालदांडी आजही पेरली जाते, ती भाकरीइतकीच कडब्यासाठी.

शिवारफेरीला जाल तेव्हा प्रत्येक वाणाच्या पाटीपुढे थांबून दाण्याच्या उताऱ्याशेजारी कडब्याचा एकरी आकडा मागा. मोजलाच नसेल तर तसं लेखी घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.