सुलतान खानाचा एक डाव

श्रोतेहो, चावडीवर किंवा शाळेच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला, की कोणीतरी म्हणतोच, "मोठ्यांचे डाव आपल्या काय कामाचे? ते पुस्तके पाठ करणारे!" आज ज्याचा डाव सांगणार आहे, तो पुस्तकांवर वाढलेला नव्हता. पंजाबातला मीर सुलतान खान जुन्या हिंदी पद्धतीने खेळत मोठा झाला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. १९२९ साली तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी तिथला अजिंक्यवीर ठरला.

हा डाव १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला. काळे मोहरे कापाब्लांकाकडे. १९२१ ते १९२७ तो जगज्जेता होता. त्याने वजिराकडचा उंट बाजूच्या घरात बसवून मध्यावर नजर ठेवली. या सुरुवातीला 'वजिराचा भारतीय बचाव' म्हणतात. पाचव्या खेळीला सुलतान खानाने वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवले. दिसायला किती साधी खेळी! पण तिच्यामुळे काळ्या उंटाला पुढे येऊन पांढरा घोडा जखडता येईना. पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोसियानचे नाव या खेळीला मिळाले.

पुढे मधली प्यादी एकमेकांना भिडून अडकली. आता बघा, सुलतान खानाने किल्लेकोट केलाच नाही. मध्य बंद, म्हणून राजा मध्येच निर्धास्त. आणि राजाच्या बाजूची प्यादी मोकळेपणी पुढे निघाली. मग कापाब्लांकाने दोन हत्ती देऊन वजीर घेतला. पण बंद पटावर वजिराला शिरायला वाट लागते, ती मिळेना. दोन्ही हत्तींनी मात्र एकमेकांना जोर देत हळूहळू फास आवळला. ६५ व्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला. त्या स्पर्धेत तो हरला, तो हा एकच डाव.

गुरुजनांना एक विनंती. हा डाव मुलांपुढे मांडताना पुढची खेळी पुठ्ठ्याने झाकून ठेवा आणि विचारा, "तू काय खेळशील? का?" उत्तर चुकले तरी चालेल, 'का' सुटता कामा नये. खेळी पाठ करणारा मुलगा अनोळखी खेळी समोर येताच अडतो. कारण शोधणारा अडत नाही.

सुलतान खान १९६६ साली वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर केले, ते २०२४ साली. किताब उशिरा आला. डाव मात्र तेव्हापासून आपल्यासाठी मांडलेलाच आहे.