धोरण शिकणारी मुलं आणि आपला तालुका
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सार्वजनिक धोरण शिकायला जातं तरी कोण, असं मघाशी बाईंनी विचारलं. इंजिनिअर, वकील, डॉक्टर, अर्थशास्त्राचे पदवीधर, काही नोकरी सोडून आलेले. मुंबईच्या आयआयटीत यासाठी केंद्र निघालं. पण त्याच्याही आधी तिथल्या ‘सितारा’ या ग्रामविकासाच्या केंद्रातली मुलं आपल्या कर्जत तालुक्यात पाण्याचा अभ्यास करायला येत होती. तालुक्याच्या उत्तर भागाला नळपाणी योजना जमेल का, हे त्यांनी आकडे मांडून तपासलं.

भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी उल्हास नदीला बारमाही वाहतं ठेवतं. ते खाली बदलापूर-अंबरनाथला पोचतं, आणि इथे ठाकूर-कातकरी वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये हंडे रिकामे! पाणी वर चढवणारा पंप इंजिनिअर देईल. त्याचं वीजबिल कोणी भरायचं, हे धोरणात ठरतं. योजना बहुधा तिथेच अडते.

बाहेरून आलेली मुलं हुशारच असतात, प्रश्न तो नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मार्चमध्ये घरं मोजायला आलेल्याला कुलूप दिसतं आणि कागदावर वाडी लहान होते. आपल्या शाळेतल्या पोराला हे कोणी सांगावं लागत नाही, कारण त्याच्याच बाकावरचा मित्र दिवाळीनंतर गायब झालेला असतो.

या शिक्षणाला बी.ए. झालेलाही जाऊ शकतो. शाळेतल्या कुणाला रस असेल तर जेवणाच्या मंडपात मला गाठा. इंग्रजीची धास्ती असेल, तर आधी गाठा.