बरोबर कोण आलंय?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी फोन केला, "सिस्टर, कार्यक्रमात तुम्ही हेमलकशाबद्दल बोला. पंधरा मिनिटं." मी जरा बिचकलेच. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. तिथे डॉक्टरांनी हात पुढे केला की हातात नेमकी वस्तू ठेवायची आणि शेवटी गॉज, अवजारं मोजून आकडा जुळला का ते सांगायचं, एवढंच आमचं बोलणं. भाषण असं कधी केलं नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. १९९५ साली मोनॅको देशाने त्यांच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढलं, २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा सिनेमा आला. 'प्रकाशवाटा' आपल्या सोसायटीच्या वाचनकपाटात आहे, म्हणजे यादीत आहे, पुस्तक कधी जागेवर सापडत नाही. म्हणून ती सगळी कथा मी पुन्हा सांगत नाही. दवाखान्याच्या आवारात मी काय पाहिलं आणि त्यातलं काय डोक्यात राहिलं, तेवढंच सांगते.

नागपूरहून हेमलकसा साधारण साडेतीनशे किलोमीटर. चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी करत आलापल्लीला पोचायचं. आलापल्लीला आलं की आता आलंच असं वाटतं, पण तिथून पुढे जंगलातून साठेक किलोमीटर असतात. हेमलकशाच्या पुढे थोड्याच अंतरावर भामरागड. तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात, आणि पलीकडे छत्तीसगड. नदीकाठी उभं राहिलं तर फार सुंदर दिसतं. मात्र पावसाळ्यात हेच पाणी रस्ता अडवतं आणि गावांचा संपर्क तुटतो. आजही वर्तमानपत्रात दरवर्षी भामरागडच्या पुराची बातमी असतेच.

अशा ठिकाणी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. आपल्या नागपूरच्या मेडिकलला शिकलेले हे दोन डॉक्टर. प्रकाशभाऊ सर्जरीचं पुढचं शिक्षण घेत होते, मंदाताई भूल देणाऱ्या. थिएटरमधल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो: दोघं मिळून एक पूर्ण ऑपरेशन थिएटर! फक्त थिएटर नव्हतं. वीज नव्हती, पक्की इमारत नव्हती, आणि सुरुवातीला पेशंटही नव्हते. माडिया माणसं बाहेरून आलेल्या माणसाला बघून जंगलात निघून जायची. बाहेरच्या माणसाने त्यांचं भलं केल्याचा अनुभव नव्हता, मग त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

मग या मंडळींनी काय केलं? माडिया भाषा शिकली. प्रकाशभाऊंनी शर्ट-पँट सोडली आणि अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच वेष ठेवला, कारण समोरच्या माणसाच्या अंगावर पुरेसं कापड नव्हतं. आणि तिथेच राहिले. शिबिर घेऊन परत आले नाहीत. पावसाळ्यात रस्ते बंद झाले तरी तिथेच, दिवाळीतही तिथेच. हळूहळू एक पेशंट आला, बरा होऊन गेला, त्याने आपल्या गावात सांगितलं. जाहिरात झाली ती एवढीच.

मी पहिल्यांदा गेले ती नव्वदच्या दशकात, सर्जन मंडळींच्या गाडीत बसून, शस्त्रक्रिया शिबिरासाठी. नंतर निवृत्तीपर्यंत जमेल त्या हिवाळ्यात जात राहिले. शिबिराच्या आदल्या रात्री ड्रम भरायचे, ऑटोक्लेव्ह लावायचा, हातमोजे मोजून ठेवायचे. आमच्या पिढीतल्या सिस्टर हातमोजेसुद्धा धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरायच्या, त्यामुळे काटकसर मला नवी नव्हती. नवीन होतं ते आवार.

आमच्या शहरातल्या दवाखान्यात पेशंटबरोबर एकच नातेवाईक. त्याला पास. दुसरा आला की वॉचमन हाकलतो. हे मीही वर्षानुवर्षं बघितलं आणि त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण गर्दी आवरायची तर दुसरा उपाय काय? हेमलकशाला पेशंट आला की घर येतं. बायको, मुलं, भाऊ, कधी म्हातारी आई, आणि गावातले दोन-चार जण. मैलोन्‌मैल चालत, पूर्वी तर आजारी माणसाला खाटेवर उचलून. झाडाखाली तीन दगडांची चूल मांडायची, भाताची पेज शिजवायची आणि आपला माणूस बरा होईपर्यंत तिथेच राहायचं. दवाखान्याने त्यांना कधी हाकललं नाही. उलट दवाखानाच या पद्धतीला धरून वाढला. उपचाराचे पैसे नाहीत, पास नाही, भेटायची वेळ नाही.

त्या आवारातला एक प्रसंग सांगते. एका म्हाताऱ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. टेबलावर झोपायला तयार होईनात. मला माडिया येत नाही, त्यांना मराठी येत नव्हतं. दवाखान्यात काम करणारी, आश्रमशाळेत शिकलेली एक मुलगी मधे उभी राहिली. मी म्हटलं, "त्यांना सांग, घाबरू नका, आम्ही सगळे आहोत." तिने सांगितलं. बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि काहीतरी विचारलं. मुलगी हसायला लागली. म्हणाली, "ते विचारतात, तुमच्याबरोबर कोण आलंय?"

मी म्हटलं, "कोणी नाही. मी एकटीच आले, डॉक्टर लोकांबरोबर."

त्यांच्याबरोबर नऊ माणसं आली होती, बाहेर झाडाखाली बसलेली. माझं उत्तर ऐकून ते गप्प झाले, आणि मग शांतपणे टेबलावर आडवे झाले. ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी मी हात धुऊन बाहेर आले तर त्यांची बायको पानाच्या द्रोणात पेज घेऊन उभी. मला चुलीजवळ बसवलं. त्या मुलीने नंतर सांगितलं, बाबांनी निरोप दिला होता की ती बाई एकटी आहे, तिला आपल्यात बसवा.

मंडळी, ज्यांची सेवा करायला आम्ही साडेतीनशे किलोमीटर गेलो होतो, त्यांना माझी दया आली होती! त्यांच्या हिशेबाने ती बरोबरच होती. पुरेसं कापड नसलेला माणूस गरीब, हे आपल्याला दिसतं. आजारपणात ज्याच्याबरोबर कोणी नाही तो गरीब, हे त्यांना दिसतं.

प्रकल्पाच्या नावातला 'बिरादरी' हा शब्द मला त्या संध्याकाळी कळला. बिरादरी म्हणजे भाऊबंदकी, पण आपण मराठीत हा शब्द भांडणासाठी वापरतो, तो अर्थ नाही. तू माझा आहेस, एवढंच. सेवा म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली बसतो. बिरादरीत दोघंही चुलीजवळ बसतात.

आणि एकदा आपलं म्हटलं की कामाला काम लागत जातं. दवाखान्यात माणूस बरा व्हायचा, पण बाजारात व्यापारी त्याला फसवायचा, कागदावर काय लिहिलंय ते कळायचं नाही. म्हणून १९७६ मध्ये आश्रमशाळा निघाली. तिथे शिकलेली मुलं शिक्षक झाली, वकील झाली. डॉ. कन्ना मडावी त्याच शाळेतून पुढे जाऊन डॉक्टर झाले. आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. दिगंत आणि अनिकेत ही आमटे यांची स्वतःची मुलंही त्याच शाळेत, माडिया मुलांबरोबर शिकली. दुसऱ्याच्या मुलांसाठी शाळा काढणारे पुष्कळ असतात. त्याच शाळेत आपली मुलं घालणारे किती? आज दिगंत आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनघा दवाखाना बघतात; अनिकेत आणि समीक्षा शाळा आणि बाकीचं काम सांभाळतात.

प्राण्यांचंही तसंच. लोक पोटासाठी शिकार करायचे. आई मारली गेली की पिल्लू उरायचं. त्याचं काय करायचं? ते घरी आणलं. एकामागून एक पिल्लं येत गेली आणि अनाथालय झालं. बिबटे, अस्वलं, हरणं, साप. विलास मनोहर यांचं 'नेगल' हे पुस्तक त्याच जनावरांच्या सहवासावर आहे. यातलं काहीही आराखडा काढून, अंदाजपत्रक मंजूर करून सुरू झालं नव्हतं. शेजाऱ्याची पुढची अडचण दिसली आणि हात तिकडे गेला.

हे ऐकून कोणाला वाटेल, हेमलकसा म्हणजे स्वर्ग. तसं नाही. तिथे मलेरिया आहे, सिकलसेल आहे, सर्पदंश आहेत, गरिबी आहे, आणि पोलीस आणि नक्षलवादी यांच्या मधे अडकलेली गावं आहेत. २०२३ मध्ये प्रकल्पाला पन्नास वर्षं झाली, पण काम काही संपलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की काम करणाऱ्याला समाधान कशात मिळतं ते मी तिथे पाहिलं. थिएटरमध्ये ऑपरेशन झालं की पेशंट वॉर्डात जातो आणि आपण पुढची ट्रॉली लावतो. तो माणूस पुन्हा दिसत नाही. हेमलकशाला तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला घेऊन आलेला दिसायचा, लांबून "जोहार" म्हणायचा. इतकी वर्षं मी जे गॉज मोजले ते कोणासाठी, हे मला तिथे कळलं.

आता आपल्याकडे येते, कारण आज सोहळा आपला आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा समोरचा रस्ता कच्चा होता. पावसाळ्यात ऑटोवाला नाक्यावरच उतरवून द्यायचा. बोअरचं पाणी, तेही पाळीने. सगळे तरुण होतो, पोरं खाली खेळायची, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यात कळायचं. आज रस्ता सिमेंटचा आहे, लिफ्ट आहे, कॅमेरे आहेत. पोरं पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. आमच्या विंगमध्ये निम्म्याहून जास्त घरांत आता फक्त साठीच्या पुढची माणसं राहतात.

गेल्या वर्षीची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. एक काकू रात्री बाथरूममध्ये पडल्या. घरात एकट्या. सकाळी दहा वाजेपर्यंत दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली. कामाला येणाऱ्या बाईंनी बेल वाजवली, उत्तर नाही, म्हणून त्या धावत वॉचमनकडे गेल्या. दार तोडावं लागलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आज त्या वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे सांगतेय.

दवाखान्यात फॉर्म भरताना तिथल्या सिस्टरने विचारलं, "पेशंटबरोबर कोण आलंय?" आणि आपल्या विंगमधल्या चार बायका एकदम म्हणाल्या, "आम्ही." सिस्टर म्हणाली, नातं काय? कोणाला काही सुचेना. शेवटी एकीने सांगितलं, "शेजारी." सिस्टरने तेच लिहिलं.

आपली संस्था पंचवीस वर्षांपूर्वी नोंदली गेली. तिचं प्रमाणपत्र ऑफिसात भिंतीवर आहे. पण त्या फॉर्मवर 'शेजारी' लिहिलं गेलं, तेव्हा आपली बिरादरी नोंदली गेली, असं मला वाटतं.

पण ती दुधाची पिशवी बाईंच्या नजरेला पडली म्हणून. दरवेळी पडेलच असं नाही. म्हणून कार्यकारिणीला आणि तुम्हा सगळ्यांना माझी तीन साधी मागणी आहेत, त्यांना वर्गणी लागत नाही. पहिली, जो एकटा राहतो त्याने घराची एक किल्ली शेजारी ठेवावी. दुसरी, प्रत्येक मजल्यावर एक कागद असावा: मुलांचे फोन, रोजची औषधं, डॉक्टरांचं नाव. तिसरी, कोणी दवाखान्यात गेलं तर आपण पाळ्या लावू. पाळ्या लावायचं काम मला द्या. आयुष्यभर तेच केलंय, ते मला चांगलं जमतं.

पुढच्या पंचवीस वर्षांत इमारतीला रंग लागेल, कदाचित ती पाडून नवीनही बांधली जाईल. ते सभेत ठरेल. पण आपल्यापैकी कोणालाही, कोणत्याही दवाखान्याच्या दारात विचारलं की बरोबर कोण आलंय, तर मागे चार माणसं उभी असावीत. त्यासाठी कोरम लागत नाही.

संस्थेला आणि तुम्हा सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.