जुन्या मुंबईची छापील चित्रे
(बुरोंडी येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



बुरोंडीचा किनारा सोडून मुंबईस पोट भरावयास गेलेली माणसे आपल्या ज्ञातीत थोडीथोडकी नाहीत. ती ज्या शहरात राबली, त्याच्या जुन्या छापील चित्रांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

जेम्स वेल्स ह्या चित्रकाराने १७९१-९२ साली मुंबई बेटाची बारा दृश्ये घेतली. ती त्याच्या निधनानंतर, १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत मान आहे तो निसर्गाचा; माणूस केवळ शोभेपुरता. १८२६ साली गोन्साल्व्हिस ह्याने शिळाछापावर मुंबई छापली, तेव्हा चित्रकाराची दृष्टी शहराच्या रहदारीकडे वळली.

मला अधिक बोलके वाटते ते 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधील १८६२ सालचे चित्र. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) तेथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे पाहू लागल्या. विलायतेस निघालेल्या कापसाच्या गठ्ठ्यांची रास रेल्वेस्थानकावर पडली आहे, असे ते चित्र. त्या काळी असे रेखाटन आगबोटीने लंडनला जाई. तेथे लाकडी ठोकळ्याचे तुकडे निरनिराळे कारागीर कोरीत व मग ते जोडीत. ज्याने मुंबई कधी पाहिली नाही, त्याच्या हातून आमचा हमाल कोरला जाई! गठ्ठा कोठे चालला ते मथळा सांगतो. तो वाहणाऱ्यास मजुरी काय मिळाली, ते सांगत नाही.

विल्यम जॉन्सन ह्याचा मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ व १८६६ साली निघाला. ज्ञातिसभेने त्याचा विचार अवश्य करावा, कारण तेथे माणसाची ओळख जातीवरून दिलेली आहे. पागोटे, लुगडे, दागिने ह्यांचा घाट त्यात उत्तम कळतो. परंतु माणसे एका ठिकाणी टिपून दुसऱ्याच देखाव्यावर जोडण्याची त्याची युक्ती होती. तेव्हा पोशाख पाहून पूर्वजांच्या वैभवाची ग्वाही देण्याची घाई कोणी करू नये. ठेवणीतले वस्त्र म्हणजे रोजचे नव्हे. त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. चित्र मुके राहते तेथे ते पुस्तक उघडावे.

हे झाले साहेबांनी साहेबांसाठी घेतलेल्या चित्रांचे. पुढे पुण्यास १८७८ साली चित्रशाळा निघाली, १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि चित्र विकत घेणारा वर्गच पालटला. ज्याच्या श्रमाचे चित्र परके लोक दिवाणखान्यात लावीत, तोही आता चार पैसे बाजूस टाकून देवादिकांचे रंगीत चित्र घरी नेऊ शकत होता. त्याच्या मिळकतीत हौसेस किती जागा होती, हे त्या चौकटीवरून समजते.

म्हणून विनंती एवढीच की, आपल्या घरांतील जुन्या चौकटी फेकू नयेत. चित्रामागे दुकानाची चिठ्ठी, किंमत वा आणणाऱ्याचे नाव आढळल्यास ते उतरून, कोणत्या साली व कोणत्या नोकरीत असताना ती वस्तू घेतली ह्या माहितीसह, संस्थेच्या चिटणिसांकडे पाठवावे. मूळ चित्र घरीच राहू द्यावे.